काकूवर रचलेलं कडवं

अजूनही मधेच एकटीच हसते मी. नवरा विचारतो, "आता काय झालं?" काय व्हायचंय? काका आठवले!

काका म्हणजे माझे चुलत सासरे, नेरे गावचे. हळदीच्या मांडवात बसल्या बसल्या गाणी रचायचे, आणि गाणं म्हणजे अख्खी गोष्टच. कुणाची नवी गाडी रिव्हर्स घेताना भाताच्या खाचरात कशी उतरली, कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलेल्या पाहुण्यांचा डबा माकडानं कसा पळवला! मांडीवर ढोलकी, चेहरा मात्र हेडमास्तरांसारखा. दुसरी ओळ अडली, तर भाकऱ्या थापणारी काकू आतूनच ओरडून ती पुरवायची. श्रेय अर्थातच काकांना. आणि त्यांचा एक नियम गावात सगळे पाळायचे: ज्याच्यावर कडवं, त्यानं गाऊनच उत्तर द्यायचं. रुसायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीला मी तावडीत सापडले. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. कांदा-टोमॅटो घातलेली सुकट, म्हणजे सुकी मासळी, बघून मी भाबडेपणानं विचारलं होतं, "ही कसली कोशिंबीर?" झालं!

"पुन्याची सून आली गो नेऱ्याच्या घरी,
सुकटीला म्हंते, ही कोशिंबीर बरी!"

मांडव खदखदून हसला. पण नियम म्हणजे नियम. मी उभी राहिले.

"कोशिंबीर तर कोशिंबीर, ताट केलंय साफ,
काका, तुमच्या सुकटीला आज केलंय माफ!"

काकांनी ढोलकीवर अशी थाप मारली म्हणता! त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

काका गेले. त्यानंतर पहिली हळद आली ती आमच्या पुतणीची. आम्ही कामोठ्याच्या घरून दुपारीच पोचलो. मांडव होता, डीजे होता, फक्त काकू कुठे दिसेना. ती आत, चुलीपाशी. सगळ्यांत थोरल्या आत्याबाईंनी बजावलं होतं, "रांडपन आलेल्या बाईनं हलदीत नाय यायचं." काकूनंही मुकाट ऐकलं होतं. मला इतका राग आला! जिच्या ओळींवर हा मांडव इतकी वर्षं हसला, तिनं आता भिंतीआड बसायचं? पण आत्याबाईंशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि पुतणीच्या हळदीत भांडण कोण काढणार?

मग एकदम सुचलं. मी डीजेवाल्याला गाणं थांबवायला लावलं, कोपऱ्यातली ढोलकी नवऱ्याच्या हातात कोंबली आणि आतल्या दाराकडे तोंड करून गायले:

"काकूची भाकरी गो चांदावानी गोल,
वरनं गेली करपून नि आत राहिली ओल!"

काकूच्या भाकरीला नाव ठेवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. एक म्हातारी पुटपुटली, "कडवं परलं तिच्यावर. आता उत्तर दिलाच पायजे." आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मला वाटलं, मी तिला दुखावलं. आणि मग तो खणखणीत आवाज आला:

"करपलेली भाकर तो जल्मभर खाय,
दुसऱ्याच्या चुलीकरं गेला कदी नाय!"

काय ओरडलो आम्ही! शिट्ट्या, टाळ्या, नवरा तर ढोलकी फोडतोय की काय असं वाजवत होता. काकू दारात आली. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर तेच काकांचं मिश्कील हसू. आत्याबाई "अगो, थांब" म्हणेपर्यंत तिनं पुढचं कडवं घेतलंसुद्धा:

"तो गेला मांडव सोरून, मी काय करू आत?
सरका गो बायांनो, हलदीत घालू द्या हात!"

आत्याबाईंवरही आता कडवं पडलं होतं, उत्तर गाऊनच द्यायचं, आणि त्यांना गाता येत नव्हतं. त्या पाट थोडा मागे ओढून सरकल्या. पुतणीनं दोन्ही गाल पुढे केले.