कडेचा खटका

नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला दापोड्याचं गोदाम आठवतं. गाणी ऐकायचे आगपेटीएवढे एमपीथ्री प्लेअर गिऱ्हाइकांकडून तिथं परत यायचे. बटण दाबून बघायचं आणि चालू झाला नाही तर यादीत 'बंद' लिहायचं, हे माझं काम. बंद माल बाहेर विकला जाऊ नये म्हणून राहनाळची एक मावशी तो हातोडीनं फोडायची. एका दुपारी मी खोकंभर प्लेअर 'बंद' लिहून यादी ऑफिसात पाठवली. निम्मे फोडून झाल्यावर मावशीनं एकाच्या कडेचा बारीक खटका सरकवला, बटण दाबलं आणि निळा दिवा लागला. खिशात चुकून गाणी सुरू होऊ नयेत म्हणून तो खटका असतो आणि तो लावलेला असला की कुठलंच बटण चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. "दादा, यो चालू हाय," ती म्हणाली. "आधीचं पन असतील." मी म्हणालो, "यादी गेली, मावशी." तिनं इयरफोन कानाला लावून कुणीतरी भरलेलं गाणं थोडं ऐकलं, प्लेअर बंद केला, खटका पुन्हा होता तसा सरकवला आणि मग हातोडी उचलली. आजही एखादं यंत्र सुरू झालं नाही, तर माझा अंगठा आधी त्याच्या कडेवरून फिरतो.