आधी शेळ्या पळवा

माझी मैत्रीण जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासते. लोक तिला 'पळवीबाई' म्हणतात. कुठल्याही गोठ्यात गेली की ती आधी म्हणते, "शेळ्या पळवा." फुप्फुसाचा संसर्ग झालेली शेळी सुरुवातीला उभ्याउभ्या धडधाकट दिसते. पळाली की खोकते.

वडील गेल्यावर हिने नोकरी धरली, धाकट्या भावाने गोठा. त्या सकाळी तिच्या वहिनीचा फोन आला, एक शेळी खात नाही. मीही मैत्रिणीसोबत गेले. दुसऱ्या दिवशी सगळा कळप बाजारात जायचा होता.

शेळ्या सावलीत बांधल्या होत्या. पुढ्यात ओला पाला.

"ताई, दमवू नकोस त्यांना," भाऊ म्हणाला. "उद्या चालायचंय."

"म्हणूनच आज पळव."

"थंडीचा खोकला आहे गं. तुलाही होतो. तुला कुणी पळवतं का?"

"लग्नासाठी तूच पळवत होतास की!"

वहिनी हसली. त्याने दावी सोडली.

शेळ्या कुंपणाच्या कडेने धावल्या. एक थांबली. पुढचे पाय फाकवून, मान ताणून खोकली. मग तिच्यामागची.

मैत्रिणीने खोकणाऱ्या शेळीच्या कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेतलं. त्यात तपासणीचं द्रावण मिसळलं. काच हळूहळू हलवत राहिली. मिश्रण एकसारखं राहिलं असतं, तर कळप बाजारात गेला असता. त्यात वाळूसारखे दाणे जमले.

"माझी शेळी जाते जिवानिशी, आणि तुला दाणे दिसतात!" भाऊ म्हणाला. "उद्याचा दिवस गप्प बस. बहीण ना तू माझी?"

"उद्या तुझ्या शेळ्या सगळ्या बाजारावर खोकतील."

तिने तिथूनच पशुसंवर्धन कचेरीत फोन लावला. "बाजार भरवू नका. आमच्याच गोठ्यात आजार निघालाय. नमुने पाठवते." आवाज रोजचाच होता. भाऊ आत निघून गेला. मला कुठे बघावं कळेना.

तिने बूट जंतुनाशकात बुडवले आणि शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. भावाचा बोकड गेल्याच आठवड्यात त्यांच्याकडे राहून आला होता.

"काकू, शेळ्या पळवायच्यात."

"भावाच्या पळवल्यास का आधी?" काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"पळवल्या. आजारी निघाल्या."

काकूंचे हात कमरेवरून खाली आले. मग त्यांनी दाराआडची काठी घेतली आणि गोठ्याकडे निघाल्या.