बुजवलेला सांडवा
ओल्या गोणपाटाचा वास आला की वाघोलीपुढच्या त्या कृषी पर्यटन केंद्रातलं तळं आठवतं. ओढ्यावर मातीचा बांध घालून मालकांनी ते बोटिंगसाठी केलं होतं आणि सहलीला गेलेल्या आमच्या कुटुंबाची पंगत बांधाच्या पायथ्याशी सावलीत बसली होती. रात्रभर पाऊस झालेला. बांधातून झिरपणाऱ्या नितळ पाण्यात आम्ही जेवणाआधी हात धुतले. जेवणानंतर आत्याने धुतले, तर चिखलाने बरबटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली ती ताडकन उठली. "अहो, पाण्याबरोबर माती येतेय! बांध आतून पोखरतोय. मुलांना आधी इथून हलवा." काहींनी मुलांना बाजूच्या उंचवट्यावर नेलं; आम्ही कडेने बांधावर धावलो, तर जादा पाणी जायचा सांडवा वाळूच्या पोत्यांनी बुजवलेला. मालक म्हणाले, "पानी कमी झालं की बोटी तळाला टेकत्यात." "मग बोटी सांभाळा, आम्ही वाहून जातो," म्हणत आत्याने स्वतःच पोत्याला हात घातला. मग आम्हीही भिडलो. ओलं गोणपाट हातातून निसटत होतं, उंचवट्यावरून मुलांचं रडणं ऐकू येत होतं. शेवटी पाणी धो धो सुटलं आणि तळं हळूहळू उतरलं. परवा त्याच जागेची जाहिरात मोबाइलवर आली: आता दुप्पट बोटी. मी फोटो मोठा करून सांडवा शोधला. तिथे आता हिरवळ लावून सेल्फी पॉइंट केलाय.