उतारावर पाय काढणारी बाई

उड्डाणपुलावर रोज सकाळी ती माझ्या पुढे असायची. माझ्यासारखीच हायब्रिड गाडी, मागच्या सीटवर सोनचाफ्याच्या टोपल्या. पुलाच्या माथ्यावर पोहोचली की तिची गाडी सैल पडायची आणि सायकलसारखी घरंगळत खाली जायची. मागे आम्ही सगळे हॉर्नवर हात ठेवून. सगळ्यांत जोरात मी.

एकदा खाली लाल दिव्यापाशी थांबलो, तर ती दार उघडून सरळ माझ्या काचेशी आली. पन्नाशीची, जवळच्याच एखाद्या फुलांच्या वाडीतली असावी. पदर खोचलेला, केसांत चाफा, पाय अनवाणी.

"काय भाऊ, कुठे आग लागलीय?"

"अहो, जरा दाबा की!"

"कशाला? लाल दिवा तर वरूनच दिसतो. आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी उतरता उतरता आपली बॅटरी भरते. पुढे बाजारात शिरेपर्यंत त्यावरच चालते. तुम्ही पेट्रोल जाळत खाली येता आणि कचकन ब्रेक मारता. किती ॲव्हरेज देते तुमची?"

आकडा सांगायची मला लाज वाटली.

"पण मागचे सगळे बोंबलतात ना," मी म्हटलं.

"बोंबलू देत. हॉर्न त्यांचा, पाय माझा."

दिवा हिरवा झाला. ती तिच्याच चालीनं गाडीत जाऊन बसली.

इतकी वर्षं माझा पाय मागच्यांच्याच हुकमात होता. दुसऱ्या दिवशी मी चप्पल घरीच ठेवली. पुलाच्या माथ्यावर पाय काढला आणि मागून हॉर्नचा गदारोळ उठला. सवयीनं पायाचा अंगठा वळवळला. मी त्यालाच दम भरला, "गप बस. तू माझा आहेस."