हुकूम मोगलांचा, किल्लेदार चाकणचा

शुक्रवारी सकाळी पुणे स्टेशनवरून निघाले तेव्हा पिशवीत एक लुगडे, दशम्या आणि एक कोरा, जाडजूड कागद होता. कागद आमच्या हेडमास्तरांनी दिलेला. ‘यापुढे वर्गात पत्ते आणणार नाही, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे’ असे त्यावर सोमवारपर्यंत लिहून द्यायचे, नाहीतर शाळेत येण्याची तसदी घ्यायची नाही. अकरा वर्षे मुलींना इतिहास शिकवून मिळवले काय, तर हा कागद!

गुन्हा एवढाच की इतिहासाचे पत्ते मी स्वतः रंगवले होते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या जागी सातवाहन, यादव, मोगल आणि मराठे. पान टाकताना चित्राबद्दल एक खरी गोष्ट सांगायची, नाही आली तर पान बाद. मुली हसतखेळत शिकत होत्या, आणि हसण्यानेच घात केला. आवाज ऑफिसापर्यंत गेला. “ही शाळा आहे की जुगाराचा अड्डा?” हेडमास्तर म्हणाले. तो जुना जोड त्यांच्या कपाटात कुलूपबंद झाला. मी पुन्हा नवा रंगवला.

आता खरे सांगते, मनात धाकधूक होतीच. मुली खरोखर शिकत होत्या, की ते माझेच खूळ होते? चाकणच्या शाळेतले सदूभाऊ गुरुजी माझे ट्रेनिंग कॉलेजातले सोबती. त्यांनी लिहिले होते, “ताई, एकदा आमच्या पोरांवर करून बघा.” तिथे जे दिसेल त्यावरून कागद लिहून द्यायचा की नाही ते ठरवू, असे म्हणून निघाले.

पिंपरीला उतरले. स्टेशनपलीकडे निर्वासितांची वसाहत आहे. तिथे लछमनदास नावाचे सिंधी गृहस्थ पुस्तकबांधणी करतात. नवी पाने पुठ्ठ्यावर चिकटवून कापायला त्यांच्याकडे दिली होती. त्यांनी आधी पापड आणि थंडगार पाणी पुढे केले. (त्यांच्यात पाहुण्याला असे देतात. चहापेक्षा मला हेच आवडले.) कोपरे इतके सुबक गोल केले होते की माझी चित्रेही बरी दिसू लागली.

“बाई, एक बात. ये गुलाम का चेहरा तो बडा शेर जैसा है,” मराठ्यांचा गुलाम उचलून ते म्हणाले.

“तो चाकणचा किल्लेदार आहे,” मी म्हणाले. राजा, राणी झाल्यावर तिसरा मान गुलामाचा, म्हणून मी त्याला तिथे बसवला होता. त्यांनी एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि जोड बांधून दिला. मला त्यात काही वावगे दिसले नाही.

टांग्याने भोसरी, आणि तिथून पुढे चाकणची एस.टी. उजाड माळ, मधूनच बाजरीची शेते. इंद्रायणी ओलांडल्यावर एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की पिशवीतला जोड उसळून बावन्न पाने सगळ्या गाडीभर झाली. कंडक्टरने एक पान बुटाखालून काढले.

“बाईमान्साच्या पिशवीत पत्ते? कलियुग म्हनत्यात ते ह्येच!”

“कलियुग नाही, इतिहास आहे. पाय उचला, तुमच्या दुसऱ्या बुटाखाली यादवांची राणी आहे,” मी म्हणाले. सगळी गाडी हसली, पाने मात्र एकूण एक परत मिळाली.

चाकणला उतरताच कांद्याचा वास आला. बाजारपेठेत पोत्यांच्या थप्प्या, त्यापलीकडे भुईकोट (सपाटीवर बांधलेला किल्ला). पडक्या तटावर शेळ्या चरत होत्या आणि खंदकात बाभळी माजल्या होत्या. डोंगर नाही, कडा नाही. या सपाटीवर मूठभर माणसांनी भर पावसाळ्यात मोगलांच्या खानाची फौज दोन महिन्यांच्या आसपास थोपवून धरली. सदूभाऊंच्या घरी पिठले-भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा खाताना डोळ्यांतून पाणी आले. ते कांद्याचे होते, इतिहासाचे नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

शनिवारची सकाळची शाळा. चौथीच्या वर्गात सतरंजीवर चौघे खेळायला आणि बाकीची पोरे भोवती कोंडाळे करून. हुकूम कुणाचा ते पान उचलून ठरवले, तो मोगलांचा निघाला. एका मुलाने मराठ्यांच्या पानाची उतारी केली. पिंगट केसांची, काटकुळी ठकू पुढे सरसावली. “ह्यो आमच्या गडाचा किल्लेदार. खान आला तवा ह्यानं दार उघडलं न्हाई!” असे म्हणून तिने तो गुलाम दणकून टाकला. पुढच्या मुलाच्या हाती मराठ्यांचे एकही पान नव्हते. त्याने मोगलांची दुर्री (दोनचे पान) टाकून हुकूम लावला, तोफांची काहीतरी खरी माहिती सांगितली आणि हात उचलायला गेला.

ठकूने पानावर पंजा ठेवला. “न्हाई देनार.”

“अगं, हुकूम आहे. हुकमाची दुर्रीसुद्धा मारते,” मी समजावले.

“हुकूम मोगलाचा हाय म्हून काय झालं? त्यानं कुठं मानला व्हता?”

सदूभाऊ पुढे आले, तशी ती माझ्याकडेच वळली. “आन् बाई, ह्याला गुलाम कुनी केला? तुमी?”

मला कानफटात बसल्यासारखे झाले. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झाली, मी इतिहासाची मास्तरीण, आणि ज्या माणसाने कुणाचा हुकूम मानला नाही त्याच्या डोक्यावर मी स्वतःच्या हाताने, सुबक अक्षरात ‘गुलाम’ लिहिले होते. छापील पत्त्यात असतो म्हणून लिहिला, दुसरे कारण नाही. मला लाज वाटली आणि त्या पोरीचा अभिमानही वाटला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “गुरुजी, शाळंत पत्तं?” पागोटे बांधलेले एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत उभे होते. सदूभाऊंनी हळूच सांगितले की हे तात्या, ठकूचे चुलत आजोबा, शाळा कमिटीतले. तात्या आत आले ते खेळ बंद करायलाच.

“तात्या, ह्ये किल्लेदाराला दुर्रीनं मारत्यात!” ठकू ओरडली.

“कोन मारतं?” तात्यांनी काठी खाली ठेवली. “आरं, दोन म्हयने लढलाय त्यो! सुरुंगानं बुरूज उडाला तवा कुठं गड गेला. आन् गड गेला तरी त्यो न्हाई गेला. खानानं चाकरी देऊ केली, ह्यानं घेतली न्हाई. माझा आजा सांगायचा.”

झाले! तात्या सतरंजीवर बसले आणि पोरांनी माझ्या खेळाचा ताबा घेतला. दोन महिने लढला, म्हणून किल्लेदार हुकमापुढे दोन फेऱ्या टिकणार. तिसऱ्या फेरीत पडेल, कारण गड पडला होता, खोटे कशाला बोलायचे? पण पडला तरी जिंकणाऱ्याच्या ढिगात जाणार नाही. चाकरी घेतली नव्हती, म्हणून ज्याचे पान त्याच्याकडेच परत जाईल. अकरा वर्षांत माझ्या कुठल्या वर्गाने इतिहासातून असा नियम काढला नव्हता.

बाकीच्या तीन गुलामांचीही सुटका झाली. सातवाहनांचा लेणी कोरणारा पाथरवट झाला, यादवांचा पोथ्या लिहिणारा. मोगलांचा कोण, यावर वाद पेटला. ठकूच म्हणाली, “सुरुंग पेरनारा घ्या. त्याचं बी काम काय सोपं न्हवतं.”

निघताना तात्यांनी पिशवीत कांदे कोंबले. “बाई, पत्तं वाईट. ह्ये मातुर चालू द्या,” ते म्हणाले. हे पत्ते नाहीत असे त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले होते, मी कशाला मोडू?

परतीच्या वाटेवर पिंपरीला पुन्हा लछमनदासांकडे गेले. पिशवीतला तो कोरा कागद काढून दिला आणि त्याच्या चार पट्ट्या कापायला सांगितल्या. त्यांनी कागद बोटांत चोळून पाहिला, “बढिया कागज है,” म्हणाले आणि चारही गुलामांवर पट्ट्या चिकटवल्या. पापड खाता खाता मी त्यांवर नवी नावे लिहिली. किल्लेदाराचे लिहिताना ते जवळ येऊन बघत राहिले.

सोमवारी हेडमास्तरांनी विचारले, “बाई, तो कागद आणलात?”

“आणलाय,” मी म्हणाले आणि चार पाने टेबलावर मांडली.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते उठून उभे राहिले. “हा माझा हुकूम होता, बाई! तुमची नोकरी गेली, कळतंय का?”

कळत होते. अकरा वर्षांची नोकरी होती ती. त्यांनी पाने ओढून कपाटात टाकायला हात पुढे केला. मी आधीच किल्लेदारावर पंजा ठेवला होता. चारही पाने उचलली, पिशवीत घातली आणि बाहेर पडले. पडलेला किल्लेदार जिंकणाऱ्याच्या ढिगात जात नाही, हा नियम त्यांना अजून कुणी शिकवला नव्हता.