काठावर झोपणारे मामा

सौंसर तहसिलीत नियमानं वागणारा माणूस एकच होता, आणि सरकारनं नेमकं त्यालाच हुसकून लावलं. ते माझे मामा. जन्मभर सौंसरच्या बसस्टँडवर उभं राहून "नागपूर, नागपूर, नागपूर" ओरडणं हा त्यांचा धंदा. त्या आवाजाचा दरारा असा, की जामसांवलीला निघालेली माणसंसुद्धा दचकून नागपूरच्या बसमध्ये चढत आणि मग कंडक्टरशी भांडत उतरत. पण हाच माणूस महिन्यातून दोनदा गळ, पिठाचा डबा आणि ताडपत्री घेऊन गावाबाहेरच्या सरकारी तलावावर मुक्कामाला गेला की कुजबुजण्यापलीकडे जात नसे. एकदा घरी पाहुणे आले म्हणून मामी तणतणत तिथं पोचली आणि लांबूनच हाक मारली. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "काहून ओरडून राहिली वं? रोहू ऐकून राहिली." मामी म्हणाली, "मंग पाहुण्यायचा सैपाक तिलेच सांगा!"

मुक्काम कशाला, तर मासोळी काठाशी येते पहाटे, आणि तिच्या वेळेवर काही बस सुटत नाही. गळ टाकायची चिठ्ठी मामांकडे होती, मच्छीमार समितीनं दिलेली. झोपायची चिठ्ठी मात्र कुणीच कधी दिली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती. मामांचे नियम मामांनीच केलेले, आणि ते कोणत्याही दप्तरातल्या नियमांहून कडक. ढोरांच्या पाणवाटेवर ताडपत्री बांधायची नाही. चूल पेटवायची ती पत्र्याच्या डब्यात, जमिनीवर नाही. दुसऱ्यांनी टाकलेले पुड्यांचे कागद आणि पत्रावळ्या आपल्या पिशवीत भरून आणायच्या. यापायी मामीनं त्या पिशवीला घरात यायची बंदी केली होती. आणि पावसाळ्याचे दोन महिने गळ खुंटीला. "मामा, हे कुठं लिहिलंय?" मी एकदा विचारलं. "मासोळीच्या पोटात," ते म्हणाले. अंड्यांच्या दिवसांतली ही बंदी सरकारनंही लिहून ठेवलीय, पण फायलीत. फाईल मामांनी वाचली नव्हती आणि साहेबांनी मासोळी पाहिली नव्हती.

आता माझी करणी. मी पत्रकं वाटणारी मुलगी. कुठलीही गोष्ट कागदावर आली नाही तर ती हक्काची नाही, अशी माझी समजूत. मामा पडले तोंडी माणूस. तलावावर नवा चौकीदार आला आणि त्यानं मामांना "कोणाच्या परवानगीनं झोपून राहिले?" एवढं विचारलं, तशी मी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला: काठावर मुक्कामाला मनाई करणारा नियम दाखवा. मामा हात जोडून म्हणाले, "नोको विचारू वं माय. विचारलं का सायबाले आठवते, का आपल्याले नाही म्हणता येते." मी त्यांना भित्रा म्हटलं. तोंडावर म्हटलं. अर्जाला उत्तर आलं, आमच्याकडच्या सरकारी हिंदीत, "जानकारी उपलब्ध नहीं है." म्हणजे नियमच नाही! मी बसस्टँडवर पेढे वाटले, "काठ जनतेचा आहे" असं पत्रक काढलं आणि लगोलग दुसरा अर्ज दिला: मग परवानगी लेखी द्या.

लेखी मिळालं. महिन्याभरात तलावावर पाटी लागली, "रात्रि विश्राम वर्जित है." आदेशाची प्रत मी मागवली, तर वर संदर्भ म्हणून माझ्याच अर्जाची तारीख. नसलेला नियम मी मागून आणला होता. मामांची ताडपत्री जप्त झाली. ती जुन्या बसच्या टपावरची होती. तिच्यावर "छिंदवाडा–नागपूर" अजून वाचता येत होतं.

आणि थंडी पडली तसे त्याच काठावर पांढरे तंबू उभे राहिले. कुण्या ठेकेदाराचे. तिकीट काढा, भाड्याचा गळ घ्या, जमिनीवर ही मोठी शेकोटी, आणि गाणी अशी की रोहू तलाव सोडून रस्त्यावर यावी. तंबू बरोब्बर ढोरांच्या वाटेवर. मी चौकीदाराला गाठलं. "पाटी यांना वाचता येत नाही का?" तो बिचारा खरंच समजावून सांगू लागला. "मॅडम, हे कॅम्पिंग होय. तुमचे मामा तं नुसते झोपत होते."

मामांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. ते आता स्टँडवरही जात नाहीत, घरीच असतात. गळ खुंटीला आहे, पावसाळा नसताना. चहासुद्धा नागपूरची गाडी सुटल्यासारखा ओरडून मागतात, कारण घरात कुणासाठी कुजबुजायचं? मामी म्हणते, "आवाज तेवढा वापस आला पोरी. माणूस तिकडंच राहिला."

परवा मी, तंबूंना परवानगी कुणी दिली असं विचारणारा, तिसरा अर्ज घेऊन पांढुर्ण्याला निघाले, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत. न बोलावता मामा बसस्टँडवर हजर. "पांढुर्णा, पांढुर्णा, पांढुर्णा!" आख्खा स्टँड वळून पाहू लागला. एका माणसाला उठवून त्यांनी मला खिडकीची जागा दिली. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले, गजाला धरून वाकले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा तलावावरचा आवाज ऐकला.

"या बारी विचारू नोको वं," ते कुजबुजले. "सांगून ये."