खालच्या खाचरात बसलेला वाडा

आधीच सांगतो, मी प्रोग्रॅमिंग करणारा माणूस आहे. काही बिघडलं तर त्याला कारण असतं आणि नेटानं शोधलं तर ते सापडतं, यावरच माझं पोट चालतं. भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकतो, पण ऐकताना मनात त्यातल्या चुका काढत असतो. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही, ते बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "झालं तसं लिहा. पटवून द्यायला जाऊ नका." म्हणून लिहितोय.

पुण्यात आयटीची लाट नुकती जोरात आली होती, तेव्हाची गोष्ट. माझी नोकरी हिंजवडीला, फ्लॅट कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर. मूळ गाव फलटणच्या पुढे, माणदेशाच्या अंगाला. आम्ही धनगर. माझे वडील, म्हणजे आबा, आयुष्यभर मेंढरांमागे चालले. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, पुण्याच्या पश्चिमेकडून घाट उतरून कोकणात जायचं, आणि पावसाच्या आत परत. वाटेत रोज कुणाच्या तरी मोकळ्या रानात मुक्काम. कळपासकटच्या त्या मुक्कामाला आमच्यात 'वाडा' म्हणतात. मेंढरं रात्रभर रानात बसली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला जागा, वर थोडं धान्य. मी मात्र शाळेसाठी तालुक्याला बोर्डिंगात राहिलो, आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आज जे काही आहे, ते आबांच्या चालण्यातून आलेलं आहे.

आई गेली आणि आबांना एकट्यानं कळप झेपेना. राहिलेली मेंढरं त्यांनी व्यापाऱ्याला विकली आणि मी त्यांना पुण्याला आणलं. सुरुवातीला बरं चाललं होतं. दिवस मावळताना ते गॅलरीत उभे राहायचे आणि मेंढरांना बोलवायची लांब हाळी द्यायचे. सवयीनं यायची ती. एके दिवशी सोसायटीचे चिटणीस वर आले. अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आजोबा, आपण बोलावता ते ठीक आहे. पण इमारतीला लिफ्ट नाही. मेंढ्या वर येणार कशा?"

आबांनी हाळी बंद केली. मग हळूहळू बोलणं बंद झालं... आणि मग जेवण. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसता चहा. सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "औषध कशावर देऊ? त्यांना जगायचंच नाहीये, असं दिसतंय. असंच चाललं तर फार दिवस नाहीत." मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडलो.

बायकोनं एक गोष्ट टिपली होती. "आबा गादीवर झोपत नाहीत. रोज गॅलरीच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपतात. त्यांना एकदा मोकळ्यावर घेऊन जा ना."

आमच्या ऑफिसात नचिकेत होता. कसब्यातला, जुना पुणेकर. त्याला एकच नाद – पुण्याच्या आसपास फुकटात तंबू ठोकता येईल अशा जागा हुडकायच्या. धरणांचे काठ, माळ, देवराईच्या कडा, सगळं त्याला पाठ. पैसे घेऊन दिवे आणि गाणी लावणाऱ्या कॅम्पना तो 'लग्नाचे हॉल' म्हणायचा. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "म्हणजे वडिलांचं अख्खं आयुष्य उघड्यावर गेलं, म्हणून तू शिकलास, नोकरी केलीस, आणि आता त्यांना परत उघड्यावर नेणार. छान. प्रगती आहे." पण शनिवारी सकाळी तंबू घेऊन तोच आधी खाली उभा होता.

जानेवारी होता. माझ्या जुन्या मारुतीत मागे आबा, अंगावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. नचिकेतची पहिली जागा धरणाच्या काठावर होती, तिथे आता तारेचं कुंपण आणि 'खासगी मालमत्ता' अशी पाटी. दुसरी माळावर, तर तिथे फार्महाऊस प्लॉट पाडलेले आणि वॉचमन.

"मागच्या वर्षीपर्यंत इथे कुणी नव्हतं," नचिकेत त्याला म्हणाला.

"आता मी हाय," वॉचमन म्हणाला.

तिसऱ्या जागी तर डोंगरच अर्धा कापलेला होता. ऊन उतरायला लागलं. मी आरशात बघत होतो. आबा खिडकीबाहेर बघत होते, पण डोळ्यांत काही नव्हतं. परत फिरावं असं मी म्हणणार, तेवढ्यात मागून हात आला आणि माझ्या खांद्यावर टेकला. आबांनी डावीकडच्या कच्च्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

त्या रस्त्याच्या शेवटी भाताची खाचरं होती. कापणी होऊन गेलेली, नुसती धसकटं. बांधावर एक शेतकरी गवताचे भारे बांधत होता. बबनराव नाव. मी उतरून, तंबूचं, वडिलांच्या तब्येतीचं सगळं सांगायला सुरुवात केली. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो गाडीतून उतरणाऱ्या आबांच्या पटक्याकडे बघत होता.

"पाव्हणं, वाडा हाय का मागं?" त्यानं आबांनाच विचारलं.

आणि आबा बोलले. कित्येक दिवसांनी. "हाय."

"देवच पावला! औंदा सगळं वाडं परभारे कोकणात उतरलं, आमच्याकडं कोन थांबलंच न्हाई. खालच्या खाचरात बसवा. ते लई रोडावलंय."

"बसवतो," आबा म्हणाले. "सकाळी बघा."

बबनराव खुशीत भारा उचलून निघून गेला. मी तसाच उभा. आयुष्यात या माणसानं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, आणि आता हे! नचिकेत हळूच म्हणाला, "सांग त्याला जाऊन, वडिलांचा गोंधळ झालाय म्हणून."

पण मी गेलो नाही. आबा ताठ उभे होते. परक्या माणसासमोर त्यांना खोटं पाडायला माझी जीभ उचलेना. सकाळी बबनरावच्या पाया पडू, असं मी ठरवलं.

आम्ही खालच्या खाचराच्या कडेला तंबू लावला. आबा आत आले नाहीत. बाहेर घोंगडी अंथरली, बसले. दिवस डोंगराआड गेला तसं त्यांनी तोंडापाशी हात नेला आणि ती लांब हाळी दिली. सुरुवातीला आवाज फाटला, मग मोकळा झाला. समोरच्या डोंगरावरून तो परत आला. 

रात्री काय झालं, ते मला माहीत नाही. मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. आडवा झालो आणि लहान मुलासारखा झोपलो, इतकंच खरं.

जाग आली ती नचिकेतच्या हाकेनं. "अरे... बाहेर ये." तो नुसत्या बनियनवर उभा होता. त्या भागात जानेवारीतली पहाट म्हणजे दात वाजतात. पण मलाही घाम आला होता. तंबू उबदार होता, जशी माणसांनी भरलेली बंद खोली असते तसा. आणि वास... तो वास मी जन्मभर ओळखतो. ओल्या लोकरीचा.

बाहेर अख्खं खाचर लेंड्यांनी काळं झालं होतं. ताज्या, दवात चकाकणाऱ्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत खुरांचे ठसे, एकावर एक. आमच्या तंबूच्या अगदी कापडाला लागून ठसे. फक्त आबांच्या घोंगडीपुरती, माणूस पाय पसरेल एवढी जागा स्वच्छ होती. आबा त्या जागेत बसून होते, मांडीवर हात ठेवून.

शेजारच्या खाचरात एक लेंडी नव्हती. कच्च्या रस्त्यावर आमच्या गाडीच्या चाकोऱ्या होत्या, त्यावर एकही खूर उमटलेला नव्हता. नचिकेत दोनदा चालत जाऊन बघून आला.

बबनराव आला, त्यानं वाकून मूठभर माती उचलली, हुंगली. "शाब्बास! मोप बसला की वाडा! आनि गेला बी? इतक्या येरवाळी, उजाडायच्या आत?"

"गेली," आबा म्हणाले.

त्यानं रिवाजाप्रमाणे तांदूळ आणले होते, धोतराच्या फडक्यात बांधून. मी नको म्हणणार होतो, पण आबांनी दोन्ही हातांनी ते घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाले, "यातलंच मूठभर शिजवा, बाई असंल घरात तर. भूक लागलीया."

बबनरावच्या ओसरीवर आबा भात आणि दूध जेवले. पुन्हा वाढायला सांगून जेवले. बबनरावची बायको नचिकेतला म्हणाली, "तुमी का रडताय वो?" तो म्हणाला, "धूर गेला डोळ्यात." चूल तर मागे, परसदारी होती.

परत येताना नचिकेत मागच्या सीटवर झोपला. आबा पुढे, माझ्या शेजारी. बराच वेळ मी धीर गोळा करत होतो. मग विचारलं, "आबा, कुणाची होती?"

"आपलीच."

"आपली तर..."

"व्हय. इकलेली." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "समदी आली व्हती. तुझ्या कालेजासाठी दर साली इकायचो, ती बी. एकेकीला नावानं वळखली म्या." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रागावली न्हाईत रं ती. पार अंगाला चिकटून बसली."

मी गाडी कडेला घेतली. काचेतून पुढचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर आबा आमच्यात पुष्कळ वर्षं राहिले. जेवायचे, नातवंडांशी भांडायचे. नचिकेत आता परदेशात असतो. रात्री दुसऱ्या कुणाचा तरी कळप आडवाटेनं येऊन गेला असणार आणि आपण मेल्यासारखे झोपलो होतो, असं त्याचं म्हणणं आहे. असेलही. मग ठसे त्या एका खाचराबाहेर का नव्हते, असं विचारलं की तो विषय बदलतो.  खरं सांगू? ही एकच गोष्ट अशी आहे, जिचं कारण मी शोधायला बसलो नाही.